वायर माझ्या हातात होती

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचसे वाचून हसते. वळणावर उभी असलेली बाई, आपोआप करकरणारं दार, उलटे पाय... माझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो हा, की त्या दाराच्या बिजागरीला शेवटचं तेल कधी घातलं होतं? मी हायस्कूलला सायन्स शिकवते. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, मांजरालाच बाजूला हो म्हणते. अमावस्येला गाडी घेतली, शनिवारी केस धुतले, कधी काही झालं नाही. तेव्हा मी आता जे सांगणार आहे ते वाचून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते.

पण ही गोष्ट मला बरीच वर्षं आतून खातेय. म्हणून लिहिते.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, धाडकडं. धाडला एस.टी.तून उतरायचं आणि तिथून जीप धरायची. बाजाराच्या दिवशी जीपच्या मागं लटकून यावं लागतं. गावाचं नाव देत नाही, कारण गावातली मंडळी हे वाचतात आणि मला अजून तिथंच राहायचंय. घर गल्लीला लागून. पुढच्या खोलीत खाटेवर माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. कोपऱ्यात स्टुलावर टीव्ही, तो जुना, मागं पोट असलेला. बीटी कपाशी येऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट.

बाबांना लकवा मारून गेला होता. उजवी बाजू जवळपास गेलेली, मान वळत नव्हती, बोलणं तोंडातल्या तोंडात. एक शब्द मात्र स्वच्छ यायचा — "लाईन." आणि तो यायलाच पाहिजे होता, कारण लाईनीवर लक्ष ठेवणं हे घरातलं त्यांचं काम होतं.

शहरातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं तेव्हा गावातली आणि वावरातली लाईन एकच होती. आता वेगळी झाली. तेव्हा गावात लाईट आली म्हणजे वावरातली मोटरही चालणार, हे ठरलेलं. लोडशेडिंग इतकं की लाईन असणं ही विशेष गोष्ट होती. पाळ्या लावलेल्या असायच्या — एक हप्ता दिवसपाळी, एक हप्ता रातपाळी — पण मध्येच कधीही यायची आणि कधीही जायची. म्हणून प्रत्येक घरात कोणीतरी डोळा ठेवून बसायचं. आमच्याकडं टीव्हीचं बटन चालूच ठेवायचे, नुसता रिमोटनं बंद. लाईन आली की टीव्हीच्या पट्टीवर तो बारीक लाल दिवा लागतो ना... तो लागला की बाबा डाव्या हातानं पळी उचलायचे आणि खाटेच्या माचव्याला टांगलेलं स्टीलचं ताट वाजवायचे. अख्खी गल्ली त्या ताटावर चालायची. मोटरवाले वावराकडं, बाया पिठाचा डबा घेऊन चक्कीकडं आणि मी मिक्सरकडं.

मी बोलते खूप. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगते. झाडताना, लाटताना, भांडी घासताना माझं चालूच असतं, ऐकणारं कोणी असो नसो. आमचे हे म्हणायचे, "मॅडमचं तोंड एकाच गोष्टीनं बंद होते — लाईन आली म्हणजे." ते खरं होतं. दिवा दिसला की मी वाक्य अर्ध्यावर टाकून पळायचे. मग मिक्सर, इस्त्री, टाकीतलं पाणी... कोण जाणे किती वेळ राहते म्हणून.

आता शेजारचे हमीदभाई. त्यांचा धाकटा भाऊ रशीद आदल्या साली विहिरीत गेला. गेला म्हणजे उडी नव्हे. त्या काळात आमच्याकडं कोणी विहिरीत गेला म्हटलं की लोक पुढचं विचारत नसत, दिवसच तसे होते. रशीदभाई मोटरच्या पाइपाला खाली जो फुटवॉल असतो, त्यातला गाळ काढायला उतरले होते. वर स्टार्टरच्या पेटीत ऑटो लावलेला. ऑटो म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू, माणसानं वावरात जायची गरज नाही. सगळ्यांच्याच पेटीत असायचा. खाली उतरताना फ्यूज काढून खिशात टाकायचा असतो, हे लहान लेकराला माहीत आहे. पण पाळी रातची होती, मग फ्यूज कोण काढतो? आणि लाईन भर दुपारी आली, मोटर सुरू झाली, पाण्यात करंट उतरला. त्यांच्या घरातल्या टीव्हीवर दिवा लागलाही असेल. घरात बघायला मोठं कोणी नव्हतं, सगळे कपाशी वेचायला गेलेले.

त्यानंतर हमीदभाईंनी धाडच्या बाजारातून पी.टी.च्या सरांकडं असते तसली शिट्टी आणली. आमच्या बाबांचं ताट वाजलं की ते हातातलं काम टाकून गच्चीवर चढायचे आणि शिट्टी फुंकायचे. गावाला लागून असलेल्या सगळ्या वावरांत ती ऐकू जायची. शिट्टी ऐकली की विहिरीतल्या माणसानं वर यायचं, मग पाळी असो नसो. हमीदभाईंनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. ऑटो शिट्टीच्या आधीच मोटर सुरू करतो, हे त्यांना कोण सांगणार? रशीदभाईंची मुलगी नसरीन माझ्या वर्गात होती, पुढच्या बाकावर.

त्या वर्षी मी मुलांना एक प्रयोग दिला. घरातले सगळे दिवे, पंखे बंद करायचे आणि बाहेर जाऊन मीटरची चकती बघायची. चकती तरीही फिरते, हळूहळू का होईना. कारण रिमोटनं बंद केलेला टीव्ही बंद नसतो, भिंतीला लावलेला चार्जर मोबाईल नसतानाही बसून खातो. ही सगळी यंत्रं कोणाची तरी वाट बघत बसलेली असतात आणि वाट बघायलासुद्धा वीज लागते. मग एकेक वायर काढत जायची आणि चकती कधी थांबते ते वहीत लिहायचं. बहुतेक पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं. नसरीननं खरंच केलं. "मॅडम, सगळं बंद केलं तरी चकती फिरूनच राह्यली होती," तिनं उभं राहून सांगितलं. "टीव्हीची वायर उपसली तवा थांबली." मी तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या.

घरी तर मी मोहीमच काढली. टीव्हीची वायर काढ, टेपची काढ, चार्जर काढ. आमचे हे पाय वर करून म्हणायचे, "मॅडम, माह्या चपलेची वायर राह्यली पाहा." हसले सगळे, पण बाबा रुसले. टीव्हीची वायर काढली तर ते लाईन कशी बघणार? त्यांचं तेवढंच तर काम. मग मी धाडहून वायरमन बोलावून त्यांच्या खाटेसमोरच्या बोर्डावर इंडिकेटर बसवून घेतला — तो तांबडा ठिपका, त्याला वीज नावालाच लागते. खाट फिरवून बोर्डाकडं तोंड करून दिली. टीव्ही त्यांच्या डोक्यामागं गेला. एक दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला आणि मग लाईन आली, समोर ठिपका लागला, ताट वाजलं आणि राग गेला.

आता तो दिवस.

रविवार होता. दसरा होऊन गेलेला. कपाशीवर लाल्या आला होता, म्हणजे पानं लाल पडतात आणि झाड आहे तिथंच थांबतं. बीटी आली तेव्हा वाटलं होतं, अळी गेली, डोक्याचा ताप गेला. ताप काही गेला नाही, दुसऱ्या दारानं आत आला. माझा पगार होता म्हणून आमच्या चुलीची काळजी नव्हती, पण ह्यांचा जीव त्या कपाशीत. एक पाणी बसलं तर झाडं सावरतील, असं सकाळपासून म्हणत होते, आणि नेमकी मोटर पाणी उचलत नव्हती.

"फुटवॉल भरला असंन गाळानं," ते म्हणाले. "उतरून पाह्यतो."

"फ्यूज काढा आधी," मी म्हटलं.

"अवो, रातपाळी हाय या हप्त्यात. लाईन कोठून येते आता?"

"रशीदभाईंची पण रातपाळीच होती."

ते चप्पल घालत म्हणाले, "काढतो ना, काढतो." नवरे असं म्हणतात तेव्हा पुढं काय करतात हे ज्यांना नवरा आहे त्यांना माहीत आहे.

ते गेले. मी झाडझूड काढली. बाबा खाटेवर, मी त्यांच्या मागं कोपऱ्यात टीव्ही पुसत होते आणि तोंड चालू होतं — कोळ्यानं इथं घर केलंय, या घरात कोळ्यालासुद्धा बिनभाड्याची खोली, वायरीवर माशांचे ठिपके, कोणाला दिसत नाहीत, मलाच कसे दिसतात... टीव्हीची वायर मी आदल्या संध्याकाळीच काढलेली. ओल्या फडक्यानं ती पुसत पुसत शेवटाला आले. पिन माझ्या डाव्या मुठीत होती. पितळेचे दोन जाड खिळे आणि वरचा मोठा, तिन्ही तळहाताला टोचत होते. हे मी मुद्दाम सांगतेय.

आणि मान वर केली तर टीव्हीचा लाल दिवा लागलेला.

पहिल्यांदा मला काही वेगळं वाटलंच नाही. सवयीनं मनात आलं, लाईन आली आणि मी ओलं फडकं घेऊन वायर पुसतेय, मरते आता. म्हणून हात झटकायला गेले आणि हातातली पिन दिसली. मी दिव्यावर अंगठा ठेवला. कुठून उजेड पडून चमकत असेल तर झाकल्यावर जाईल, असा हिशोब. अंगठ्याच्या कडेनं लाली दिसत होती. उजेड आतून येत होता.

तेवढ्यात माझ्या मागं ताट वाजायला लागलं.

मी गर्रकन वळले. बोर्डावरचा इंडिकेटर काळा. पंखा जागच्या जागी. बाबा समोरच्या भिंतीकडं बघत डाव्या हातानं पळी हाणत होते आणि म्हणत होते, "लाईन. लाईन." मी परत टीव्हीकडं बघितलं. दिवा होता.

बाहेर हमीदभाईंची शिट्टी सुरू झाली. आणि मी काय केलं सांगू? मी ती थांबवायला पळाले. वायर टाकली आणि अंगणात जाऊन ओरडले, "हमीदभाई, थांबा, लाईन नाही आली."

ते गच्चीच्या कठड्यावरून वाकले. "ताट तं वाजलं ना वैनी?"

"बाबांना भास झाला. इंडिकेटर बंद आहे. उगीच लोकांना पळवू नका."

"भास तं भास," ते म्हणाले. "वरतं येतीन, परत उतरतीन. काय जाते त्यायचं?" आणि पुन्हा फुंकायला लागले, गाल फुगवून, वावराकडं तोंड करून.

मी तिथंच चिडून उभी होते. काहीतरी बोलणारही होते. आणि गल्लीच्या टोकाची चक्की एकदम घरघरली. चक्कीवाला बटन चालूच ठेवून जेवायला गेला होता. माझ्यामागं खोलीत पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला.

वावर जवळ आहे आमचं, पण त्या दिवशी ते संपतच नव्हतं. मी कपाशीतून पळत गेले, साडी झाडांना अडकत होती, बोंडं तुटत होती, आणि डोक्यात एकच — ऑटो, ऑटो, ऑटो. मोटर चालू असल्याचा आवाज लांबूनच येत होता.

ते बाभळीखाली बसलेले होते. कमरेपर्यंत ओले. अंगातला सदरा हातात घेऊन नुसते बघत होते. मी जवळ गेले तरी उठले नाहीत.

"पाय पाण्यात नव्हता," ते म्हणाले. "पायरीवर होता."

मग हळूहळू सगळं कळलं. शिट्टी ऐकून ते वैतागून वर आले. पेटी उघडून बघितली, लाईन नाही. तिथूनच हमीदभाईंना दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा उतरायला लागले. दुसऱ्या की तिसऱ्या पायरीवर होते तेव्हा मोटर सुरू झाली. पाइप वर ओढताना केबलच्या जोडावरची टेप सुटून उघडा जोड पाण्यात लोंबत होता, तो त्यांना दिसला नव्हता. मी कठड्यावरून वाकून बघितलं. पाण्यावर बेडूक उताणे तरंगत होते, पांढरी पोटं वर करून, सगळे. मी पेटीपाशी गेले आणि खटका पाडला. फ्यूज अर्थातच त्यांनी काढलेले नव्हते. मी ते उपसून पदरात बांधले आणि त्यांच्या शेजारी मातीत बसले.

घरी आलो तेव्हा पंखा फिरत होता, बोर्डावरचा ठिपका लागलेला होता. लाईन होती. टीव्हीची वायर मी टाकली तशीच फरशीवर पडलेली होती, आणि टीव्हीचा दिवा बंद होता.

गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो? हमीदभाईंनी सगळ्यांना सांगितलं, लाईन यायच्या आधी म्हाताऱ्याचं ताट वाजलं. लोक बाबांना बघायला यायला लागले. कोणी नारळ आणला, एका बाईनं तर आपलं लेकरू त्यांच्या पायावर घातलं. बाबा वैतागायचे, डाव्या हातानं जा जा करायचे. मी टीव्हीचं ह्यांना सांगितलं. ते चेष्टा करतील असं वाटलं होतं, पण नाही केली. "बाबालेही दिसला असंन तोच दिवा," एवढंच म्हणाले. मलाही तेच वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला आधार वाटत होता. दोघांनी बघितलं म्हणजे भास नाही. दोन निरीक्षणं आली की मी मुलांनाही म्हणते, चला, काहीतरी आहे.

दिवाळीच्या सुमारास एकदा बाबांना खिचडी भरवताना मी विचारलं. "बाबा, त्या दिवशी टीव्हीचा दिवा दिसला होता ना तुम्हाला?"

त्यांनी घास गिळला. मग डावं बोट उचलून आपल्या मानेला लावलं. वळते का ही, असं.

खाट मीच फिरवली होती. टीव्ही त्यांच्या डोक्यामागं होता. इतके दिवस ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी म्हटलं, "मग समोरचा इंडिकेटर लागला होता का?" त्यांनी डोळे मिटून नाही केलं.

"मग ताट कशाला वाजवलं?"

त्यांना बोलायला खूप वेळ लागायचा. एकेक शब्द शोधून आणावा लागायचा. मी चमचा हातात धरून बसले.

"तू..." ते म्हणाले, "तू बोलून राह्यली होती. कोळी... कोळी म्हणून." मग दम घेतला. "थांबली. मधातच थांबली." आणि तोंडाच्या चांगल्या बाजूनं थोडं हसले. "तू कधी थांबते का? मले वाटलं, लाईन."

एवढंच होतं. त्यांनी काही बघितलं नव्हतं, त्यांना काही कळलं नव्हतं. माझं तोंड बंद झालं म्हणून त्यांनी ताट वाजवलं. ताट वाजलं म्हणून हमीदभाईंनी शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली म्हणून हे वर आले. आणि या सगळ्याच्या मुळाशी तो दिवा, जो माझ्याशिवाय कोणी बघितलेला नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सगळ्या गावाला एक देवमाणूस मिळाला होता आणि मला कळत होतं की जे काय झालं ते माझ्यासमोर झालं, ज्या बाईला अशा गोष्टींवर हसू येतं तिच्यासमोर. ताटाचं हे खरं कारण मी गावात कोणाला सांगितलं नाही. बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. लोक अजून त्यांचंच नाव घेतात, आणि घेऊ दे.

आता तुम्ही म्हणाल, कपॅसिटर. मीही तेच म्हटलं. वायर काढल्यावर आत थोडी वीज शिल्लक राहते आणि दिवा लगेच विझत नाही, हे मला माहीत आहे, मी ते वर्गात दाखवते. मी आमच्याच टीव्हीवर पुन्हा पुन्हा करून बघितलं. दिवा मंद होत होत विझतो, चहाचा घोट घेईपर्यंत. आदल्या संध्याकाळी काढलेली वायर दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा पेटवत नाही. टीव्ही बुलढाण्याला नेऊन मेकॅनिककडून उघडूनही बघितला. तो म्हणाला, "काई नाई मॅडम, धूळ हाय." गावात तेव्हा कोणाकडं इन्व्हर्टर नव्हता. ढग नव्हते, वीज कडाडत नव्हती. ओल्या फडक्यानं काही झालं म्हणावं तर ते फडकं, ती वायर, ती बाई, सगळं तसंच घेऊन मी कितीदा बसले त्या स्टुलासमोर. दिवा लागला नाही. डोळ्यांचा भास म्हणावं, तर मग भासानं नेमकी तीच वेळ कशी धरली? योगायोग म्हणावं तर म्हणता येतं. मी स्वतःला बरेचदा तेच म्हणते, आणि मग अंगठ्याच्या कडेची ती लाली आठवते.

टीव्ही आता भिंतीवरचा पातळ आहे. वावरातली लाईन वेगळी झाली. हे आता फ्यूज काढून घरी आणून माझ्या हातात देतात आणि मग विहिरीत उतरतात. मी अजूनही सगळ्या वायरी काढते, वर्गात तो प्रयोग अजूनही घेते. फरक एवढाच की वायर काढली की मी एकदा मागं वळून बघते. घरातल्यांना सवय झालीय, कोणी काही विचारत नाही. तुमच्यात कोणी इलेक्ट्रॉनिक्समधले असतील आणि काही सुचत असेल तर जरूर कळवा. मी हसणार नाही.

पण मला झोपू देत नाही तो प्रश्न हा नाहीच.

बाबांची गोष्ट गावभर झाली तेव्हा हळूहळू टीव्हीचीही झाली. ह्यांनी हमीदभाईंना सांगितली असणार, आणि हमीदभाईंच्या घरात ती बोलली गेली असणार. शाळा दिवाळीनंतर उघडली. तास संपला, पोरं पळाली, मी खडू डबीत ठेवत होते. नसरीन टेबलापाशी येऊन उभी राहिली. दप्तर पाठीवर, दोन्ही हातांनी पट्टे धरलेले.

"मॅडम, तुमच्या टीव्हीची वायर काढेल होती ना? तरी दिवा लागला?"

मी म्हटलं, "हो बेटा."

तिनं थोडा विचार केला. ती विचार करूनच बोलते, प्रयोगाच्या वेळीही तसंच.

"आमच्या टीव्हीची तं वायर लावेलच होती," ती म्हणाली. "अब्बू गेले तवा मी घरीच होती, समोर. मग आमचा काऊन नाई लागला, अगोदर?"

वर्गात मी कधी अडले नाही. येत नसेल तर "उद्या वाचून सांगते" म्हणते आणि सांगते. त्या दिवशी तेही म्हणता आलं नाही. शेवटी मी म्हटलं, "मला माहीत नाही गं."

"हाव मॅडम," ती म्हणाली. जाताना तिनं दाराजवळचं पंख्याचं बटन बंद केलं, मीच शिकवलं होतं तसं, आणि घरी गेली.